एक माणूस, एक ओळ

जगात कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा घडू नये असं मनापासून वाटणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आक्कांचे, हे यजमान माझ्याहून वयाने बरेच मोठे. अंगाने काटकुळे, खिशाला एकच पेन, पायात वर्षानुवर्षं एकच चप्पल. हिंगोलीच्या बसस्टँडसमोर खताच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेऊन त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. जिल्हा तेव्हा परभणीपासून नुकताच वेगळा झालेला आणि कॉम्प्युटर शिकलं की नोकरी चालत घरी येते अशी सगळ्यांची समजूत. मी समोरच्याच स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे माझ्या नोकरीचा सगळा अर्थच मुळी तेच ते माईकवरून पुन्हा पुन्हा सांगण्यात होता, आणि माझा आवाज थेट साडूंच्या खिडकीत जाई. दर दोन-चार दिवसांनी ते रस्ता ओलांडून माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहत आणि म्हणत, "साडभाऊ, सेनगावची गाडी तुमी तीन-तीन बारी काहून सांगून राहिले? लोकं काय बहिरी हायत?" मी म्हणे, "बहिरी नाहीत, पण कुणी बिडी ओढतंय, कुणी लेकराला मुतायला घेऊन गेलंय." त्यावर ते खिन्नपणे मान हलवून परत जात. माझ्यासारखा जावई या घराण्याला कसा मिळाला, हा प्रश्न त्यांच्या पाठीवर स्पष्ट दिसायचा.

पुनरावृत्तीला त्यांचा शब्द होता 'दुबार'. तो म्हणताना उजव्या हाताची तर्जनी वर जाई. सकाळी एकदा नमस्कार केलेल्या माणसाने दुपारी पुन्हा हात जोडले की बोट वर: "झाला सकाळी. दुबार नको." गणपतीच्या आरतीत ध्रुवपद ते एकदाच म्हणत आणि बाकीचे लोक दर कडव्याला तेच घोळवत असताना टाळ छातीशी धरून, बस यायची वाट पाहणाऱ्या प्रवाशासारखे गप्प उभे राहत. स्वतःच्या लग्नानंतरच्या दुसऱ्याच दिवाळीला तर त्यांनी कहर केला. आमच्या सासऱ्यांची एक आवडती गोष्ट होती. तरुणपणी कयाधूला पूर आलेला असताना त्यांनी बैलजोडी पोहवत पलीकडे नेली होती, आणि फराळाच्या ताटावर बसलं की ती गोष्ट व्हायचीच. सासरे नुकतेच पाण्यात शिरले होते, तेवढ्यात नव्या जावयाचं बोट वर गेलं. "मामा, हे मागच्या दिवाळीला झालं." सासरे तसेच, बैलांसकट, मधल्या धारेत राहिले. त्या दिवाळीत ते पुन्हा काही बोलले नाहीत, आणि आक्कांनी नवऱ्याशी अबोला धरला तो भाऊबीजेपर्यंत.

घरात त्यांचा अंमल स्वयंपाकघरापर्यंत पोचला होता. आक्का माहेरी गेल्याची संधी साधून त्यांनी एकदा मांडणीवरचे सगळे डबे उतरवले, जिऱ्याचे दोन डबे सापडले ते एकात ओतले, आणि सगळं अक्षरांच्या क्रमाने लावून टाकलं. ओवा वरच्या कोपऱ्यात, हळद खालच्या. दिसायला फार देखणं दिसत होतं. पण त्या क्रमात साखर, मग साबणाचा चुरा, मग साबुदाणा, असे तिघे शेजारी आले, आणि पुढच्या एकादशीला त्या घरच्या खिचडीला जो फेस आला त्याची आठवण मी अजून काढत नाही. आठवडी बाजाराचंही तसंच. त्यांची आई, जिला सगळे मायच म्हणत, आपली यादी सांगे, आक्का आपली सांगत, आणि साडू त्या दोन्ही एकत्र करून, अक्षरानुसार लावून, दुबार जिन्नस काढून एकच यादी घेऊन निघत. खरेदीही त्याच क्रमाने. अद्रक बाजाराच्या या टोकाला, कांदे त्या टोकाला, कोथिंबीर पुन्हा अद्रकवालीच्या शेजारी. पण कांदे झाल्याशिवाय कोथिंबिरीला हात लावायचा नाही. असे घामाघूम होऊन ते घरी आले की पिशवीत वांगी पावशेर. एका बाजाराला माय कपाळाला हात लावून म्हणाली, "आरं बाबा, माझी वांगी येगळी, पाव्हण्यांसाठी तिची येगळी. दोघींनी सांगितलं म्हणजे दोघींला पायजे व्हती!" साडू शांतपणे म्हणाले, "यादीत वांगी येकदाच येतेत, माय." आम्ही सगळे हसलो होतो. वांग्यांवर हसायला काय जातंय.

एवढ्या या स्वभावाच्या माणसाच्या हाती कॉम्प्युटर पडला म्हणजे काय होणार! इतर क्लासवाले पोरांना चित्रं काढायला, पत्ते खेळायला शिकवत. हे निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं उमटवून प्रोग्राम लिहीत बसत, आणि त्यातला सर्वांत लाडका प्रोग्राम एकच: कितीही याद्या द्या, त्या मिळून एक यादी करायची, अक्षरांच्या क्रमाने, आणि एकही नाव दुबार नाही. मला कळो न कळो, ते समजावून सांगत. एकदाच, अर्थात. "जिनिंगच्या फाटकासमोर कापसाच्या गाड्यांच्या चार रांगा हायत असं समजा. हरेक रांग आधी अक्षरानं लावून घेतली. फाटक मात्र येकच. चारी रांगांच्या म्होरच्या गाडीकडं पाहायचं, ज्याचं अक्षर आधी त्याला आत घ्यायचं. मग परत चारीकडं पाहायचं. आन् आत्ता जो आत गेला त्याच्याच नावाचा कोणी फाटकात आला, तर त्याला वापस लावायचं. झालं. येक माणूस, येक ओळ!" हे शेवटचं वाक्य त्यांनी क्लासच्या भिंतीवर निळीने लिहून ठेवलं होतं.

या प्रोग्रामला खरं काम मिळालं ते रक्तदात्यांच्या याद्यांचं. गणेशोत्सवात गावोगावच्या मंडळांनी रक्तदानाची शिबिरं घेतली होती आणि ज्याने त्याने आपली यादी करून दवाखान्यात आणून दिली होती. एक जवळा बाजारची, एक डोंगरकड्याची, आणि साखऱ्याहून तर दोन मंडळांच्या दोन. ऐन वेळी गरज पडली की दवाखान्यातल्या लोकांना चारही चाळाव्या लागत. साडूंनी आपण होऊन ते काम अंगावर घेतलं, एका बोटाने सगळी नावं, गावं आणि रक्तगट टाइप केले, आणि गर्रगर्र आवाज करणाऱ्या प्रिंटरवर एकच लांबलचक यादी छापून दवाखान्याच्या भिंतीवर डकवली. एकच प्रत. मूळ कागद फाडून टाकले, कारण जे कॉम्प्युटरात आहे तेच कागदावर ठेवायचं म्हणजे दुबार. कॉम्प्युटरातल्या चार याद्याही पुसल्या, कारण त्या आता एकीत आल्या होत्या. त्या संध्याकाळी आमच्याकडे चहाला आले तेव्हा स्वारी अशी खुशीत होती की विचारू नका. "साखऱ्याचा येक गणेश राठोड," ते बशीत चहा ओतत म्हणाले, "दोन्ही मंडळांत नाव! बिस्किटाच्या पुड्यापायी पोरगं दोनदा रगत देऊन आलं. पण माह्या प्रोग्रामनं बराबर धरला." आमची ही तेव्हा पोटुशी होती. हसता हसता तिला ठसका लागला.

त्याच कापसाच्या हंगामात, एका आठवडी बाजाराच्या दिवशी, सकाळी ती बाळंत झाली. मुलगी झाली, आणि माझ्या माईकला लाजवेल असा तिचा आवाज बाहेर ऐकू आला. आक्का आणि साडू दोघंही आले होते. मी पेढे आणायला निघणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रक्तस्राव थांबत नव्हता. हिचा गट बी निगेटिव्ह, जवळ होती ती एक पिशवी लावून झाली होती, आणि नांदेडहून दुसरी यायला वेळ लागणार होता. "तेवढा वेळ नाही आपल्याकडे," बाई म्हणाल्या. "भिंतीवरची यादी आम्ही पाहिली. त्यात कुणी नाही. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर आणा. लगेच आणा."

मी यादीकडे धावलो. वरून खाली बोट फिरवत आलो, खालून वर गेलो. निगेटिव्हची ती आडवी रेघ कुठेच नव्हती. साडू माझ्या शेजारी उभे होते, आणि ते यादी वाचत नव्हते. आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहत होते. "व्हती," ते म्हणाले. "मी टाइप केली व्हती. बी, आन् फुडं वजा. ती कळ अडकून राहिली व्हती, मला दोनदा दाबावी लागली. दोनदा दाबावी लागली म्हणून तर लक्षात हाय." मी म्हणालो, "मग नाव गेलं कुठे?" प्रोग्रामने दुबार म्हणून कापलेलं नाव सगळ्या याद्यांत एकच होतं. त्यांनी यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं: राठोड गणेश उत्तम, साखरा, ओ पॉझिटिव्ह. मग माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ओळखत होतो, पण असा घाबरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "साडभाऊ," ते म्हणाले, "येका माणसाचे दोन गट कसे असतील? त्यो येक न्हवता. दोन व्हते. मी येक कापला."

मला काय झालं ते सांगता येत नाही. मूळ कागद, कॉम्प्युटर, फ्लॉपी, जे सुचेल ते मी ओरडून विचारत होतो, आणि प्रत्येकाला ते नुसती मान हलवत होते. "कॉम्प्युटरात हाय म्हटल्यावर कागद म्हणजे..." एवढं बोलून थांबले, तो शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. माझी मूठ वळलेली आक्कांनी पाहिली असावी. कुशीत माझी लेक होती तिला घेऊनच त्या आमच्या मधे आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उभं राहून काय पाहून राहिले? जावा. त्याला घेऊनच या."

आम्ही स्टँडवर पळत आलो. साखऱ्याची गाडी फलाटावर लागली होती. फोन नसलेल्या गावात निरोप धाडायचा म्हणजे कंडक्टरच्या हाती, ही आमच्याकडची नेहमीची पद्धत. कंडक्टरला सगळं सांगितलं, त्याने मान डोलावली. पण ती गाडी जाऊन दुसरी येईपर्यंत संध्याकाळ होणार होती. आज बाजार आहे, साखऱ्याचं कुणी ना कुणी गावात आलेलं असणारच, असा विचार करून मी माझ्या जागेवर बसलेल्या सोबत्याकडून माईक घेतला. मला बोलताच येईना. रोज तीच ती गावं घोकणाऱ्या माझ्याकडून एक नाव निघेना. साडूंनी माईक माझ्या हातून काढून घेतला. "साखऱ्याचे गणेश उत्तम राठोड जिथं असतील तिथून दवाखान्यात यावं. रगत पायजे." नीट, स्पष्ट, सावकाश बोलले आणि माईक टेबलावर ठेवून उभे राहिले.

"परत सांगा!" मी ओरडलो.

"सांगितलं की."

"साडूभाऊ, हा एस.टी. स्टँड आहे! एकदा सांगितलेलं इथे कुणाला ऐकू जात नाही!"

त्यांनी माईक उचलला आणि पुन्हा सांगितलं. आणि पुन्हा. आधी तेच वाक्य तसंच्या तसं, मग थोडं मोडून, मग कसंही. "गणेश उत्तम राठोड! साखऱ्याचे! कोणी वळखत असंल तर सांगा हो! माही मेव्हणी हाय, बाळंतीण हाय, लहानी हाय आमची!" मधेच लाइट गेली. माईक मेला. मला वाटलं आता संपलं. पण साडू टेबलामागून बाहेर पडले आणि एकेका गाडीच्या खिडकीत डोकं घालून ओरडायला लागले. कळमनुरीची गाडी, औंढ्याची, वसमतची. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी, बांगड्यांच्या दुकानापाशी, मुतारीच्या दारात. आवाज फाटला, मग चिरका झाला, मग नुसता खरखरू लागला, तरी ते थांबेनात. ज्या माणसाने बायकोलाही 'ऐकलं का' असं दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं, तो एकच नाव शंभरदा ओरडत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मिरच्यांची पिशवी खांद्यावर टाकलेला एक माणूस गर्दीतून पुढे आला. "मी गणेश उत्तम राठोड. काय झालं, गुरुजी?"

साडूंनी त्याचे दोन्ही हात पकडले. "गट?"

"ओ पॉझिटिव्ह. कार्ड हाय ना."

म्हणजे हा तो नव्हता. पण साडूंनी त्याचे हात सोडले नाहीत. "दुसरा! दुसरा कुठं हाय?"

तो माणूस एकदम हसला. "त्यो व्हय! त्यो वरल्या तांड्याचा, मी खाल्ल्या तांड्याचा. आमच्या बापांची बी नावं येकच. सरकारी कागदाला दोन्ही तांडे साखऱ्यातच धरतेत, म्हणून पोस्टमनला बी लई तकलीफ. सकाळी येकाच टेम्पोत आलो की आमी. त्यो कापूस घेऊन जिनिंगवर गेला."

साडूंची जुनी लुना क्लासखाली उभी होती. पुढे साडू, मागे मिरच्यांच्या पिशवीसकट गणेश राठोड, असे ते धूर सोडत निघाले आणि मी दवाखान्यात परतलो. तिथे दारात आक्का उभ्या होत्या. आतून बाईंचा आवाज येई, नर्सची धावपळ दिसे, दार बंद होई. मुलगी झोपली होती. तिला पाहायचं मला धैर्य होत नव्हतं. या लेकराला तिच्या आईबद्दल पुढे काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग लुनाचा आवाज आला. तिच्यावर दोघं होते, पण त्यांत साडू नव्हते. लुनावर तिघं मावत नाहीत म्हणून त्यांनी दोन्ही गणेश राठोडांना पुढे धाडलं होतं. दुसऱ्याच्या केसांत कापसाचे पुंजके अडकलेले होते. फाटकासमोरच्या रांगेत गाडी तशीच सोडून तो आला होता. तपासणाऱ्याने त्याच्या बोटातून थेंब काढून काचेवर घेतला. आम्ही त्या काचेकडे पाहत राहिलो. "बी निगेटिव्ह," तो म्हणाला, आणि तेवढ्यात दारात साडू उगवले. जिनिंगपासून धावत आले होते, चपला हातात, शर्टाची बटणं उघडी. मी नुसती मान डोलावली. ते भिंतीला टेकून खाली बसले.

रक्त देता देता तो वरल्या तांड्याचा गणेश सहज बोलावं तसं म्हणाला, "मागं दिलं व्हतं तवा सगळ्यांला घरी येऊन सांगितलं, कधी लागलं तर बोलावतेत. मला कोणी बोलावलंच न्हाई. खालच्याला बोलावलं. मला वाटलं, माह्या रगतातच काही खोट हाय." साडूंनी ते ऐकलं. उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटांचे दोन पुडे होते, एकाच छापाचे, एकाच आकाराचे. दोघांच्या हातात एकेक ठेवला आणि फाटलेल्या आवाजात म्हणाले, "दोघांला." एकाच वस्तूचे दोन नग त्यांनी विकत घेतलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

दुपार कलल्यावर बाईंनी बाहेर येऊन सांगितलं की रक्तस्राव थांबला. मी रडलो. सरळ, सगळ्यांच्या देखत रडलो. साडू खुर्चीवर उभे राहून भिंतीवरच्या यादीत पेनने एक ओळ भरत होते: राठोड गणेश उत्तम, साखरा, वरचा तांडा, बी निगेटिव्ह. पुढच्या आठवड्यात क्लासमधली भिंत त्यांनी चुन्याने पुसून टाकली आणि प्रोग्रामही बदलला. आता तो कुणाला वापस लावत नसे, सारखी दिसणारी नावं बाजूला काढून ठेवी, आणि मग साडू लुनावर बसून गावोगाव विचारत फिरत, "तुमी येकच हाव का दोघं?" लोक त्यांना जरा वेडे समजत. बारशाला दोन्ही गणेश राठोड आले होते, साडूंनी धाडलेल्या एकसारख्या दोन पत्रिका घेऊन. माय त्या दिवशी वांग्यांचं नाव काढून फार हसली. आरतीतलं ध्रुवपद मात्र साडू पुढेही एकदाच म्हणत; तेवढं काही सुटलं नाही.

क्लास कधीच बंद झाला. कॉम्प्युटर घरोघरी आले, निळा पडदा कुणाला आठवेनासा झाला. सासरे गेले, मायही गेली. साडू आता थकले आहेत आणि अलीकडे थोडं विसरायलाही लागले आहेत. आक्का त्यांना संध्याकाळी आमच्याकडे घेऊन येतात. चहा होतो, आणि मग ते स्टँडवरची गोष्ट सांगतात: अडकलेली कळ, लाइट गेली ती, लुना. परवा त्यांनी ती सांगितली, कप खाली ठेवला, जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केली. आक्कांनी पदर डोळ्यांना लावला. पुरात बैल घेऊन उभे असलेले सासरे मला आठवले. कुणाचंही बोट वर गेलं नाही. आमची ही खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ बसली आणि जणू काही आपण पहिल्यांदाच ऐकतोय अशा उत्सुकतेने तिने विचारलं, "मग आलं का हो कुणी, दाजी?"

साडूंचा चेहरा उजळला. त्यांनी हात वर केला, आणि त्या हाताची एक नाही, दोन बोटं उघडली.

"दोघं आले, लहाने," ते म्हणाले. "दोघं."